आयसीयूतल्या मुलाचं क्रिएटिनिन वाढलं, तर अँटिबायोटिकचे डोस लगेच निम्मे करायचे का?

तुमचा प्रश्न असा: सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडू लागण्याची स्थिती) झालेलं चार वर्षांचं मूल, वजन १६ किलो, उंची १०० सें.मी., क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो स्नायूंतला टाकाऊ पदार्थ) ०.३५ वरून ०.७ मि.ग्रॅ./डेसिलिटरवर गेलं. आता सगळी अँटिबायोटिक्स निम्मी करायची का? सगळी तर नाहीच. आणि पहिला डोस कुठल्याच औषधाचा कमी करायचा नाही.

आधी तो ०.७ नीट वाचा. लॅबच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादा बऱ्याचदा मोठ्या माणसांची असते, म्हणून ०.७ पुढे धोक्याची खूण दिसत नाही. मुलांसाठी बेडसाइड श्वार्ट्झ सूत्र वापरा: उंची सेंटिमीटरमध्ये, गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. या मुलाचा जीएफआर (किडनी रक्त गाळण्याचा वेग) मिनिटाला ११८ मि.लि.वरून ५९ वर आला (१.७३ चौ.मी.साठी). म्हणजे ‘नॉर्मल’ रिपोर्ट असताना किडनीचं काम निम्म्यावर आलंय.

पण हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर आहे असं गृहीत धरतं. किडनीला आज फटका बसला, तर आकडा पुरता चढायला एक-दोन दिवस जातात. चढत्या ०.७ मागचा खरा जीएफआर ५९ पेक्षा बराच कमी असतो आणि उतरत्या ०.७ मागचा जास्त. शिवाय भरपूर सलाईन गेलं की क्रिएटिनिन पातळ होतं आणि कुपोषित मुलात स्नायूच कमी असल्याने ते मुळात कमी दिसतं. म्हणून एका आकड्यावर विसंबू नका. तो कुठल्या दिशेने चाललाय ते पाहा आणि तासातासाची लघवी मोजा. सलग सहा तास किलोमागे तासाला ०.५ मि.लि.पेक्षा कमी लघवी झाली, तर क्रिएटिनिन काहीही असो, किडनी अडचणीत आहे असं समजा.

पहिला डोस किती, हे औषध शरीरात किती जागेत पसरणार यावर ठरतं, ते बाहेर किती वेगाने जाणार यावर नाही. सेप्सिसमध्ये केशवाहिन्या गळतात, वर आपण सलाईनचे बोलस (थोड्या वेळात भरभर दिलेलं सलाईन) देतो, त्यामुळे पाण्यात विरघळणाऱ्या औषधांना पसरायला जागा नेहमीपेक्षा जास्त मिळते. लघवी बंद असलेल्या मुलालाही पहिला डोस पूर्णच लागतो.

पुढचे डोस मात्र औषधागणिक वेगळे. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम यांना सुरक्षिततेचा पल्ला मोठा आहे, आणि रक्तदाब सावरल्यावर किडनीही अनेकदा ४८ तासांत सावरते. लघवी चालू असेल तर पहिले २४ ते ४८ तास मी यांचा डोस कमी करणार नाही. जंतू सर्वांत जास्त असताना औषध अपुरं पडणं हा मोठा धोका आहे. सेफेपिम याला अपवाद. ते साचलं की मेंदूवर जातं: गुंगी, अंगाला झटके, कधी बाहेरून न दिसणारी फिट. व्हेंटिलेटरवर झोपवलेल्या मुलात हे लक्षातच येत नाही, म्हणून त्याचा डोस लवकर बदलावा.

अमिकॅसिनचं गणित उलटं आहे. ते रक्तातल्या उंच शिखर पातळीवर (डोसनंतरची सर्वांत जास्त) काम करतं आणि तळाची पातळी (पुढच्या डोसआधीची सर्वांत कमी) उतरली नाही की किडनी आणि कान बिघडवतं. त्यामुळे मि.ग्रॅ. कापायचे नाहीत, अंतर वाढवायचं. किलोला १५ मि.ग्रॅ.ने २४० मि.ग्रॅ. द्या आणि पातळी साधारण लिटरला ५ मि.ग्रॅ.च्या खाली आल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका. रोज १२० देत राहिलात तर शिखर गाठलं जात नाही आणि तळही उतरत नाही. व्हॅन्कोमायसिन ठरावीक वेळेने यांत्रिकपणे चालू ठेवू नका, पातळी पाहून द्या. २४ तासांचं एयूसी (रक्तातली पातळी आणि वेळ यांचा एकत्रित हिशेब) ४०० ते ६०० मि.ग्रॅ.·तास/लिटर असावं. सेफ्ट्रिॲक्सोन, लिनेझोलिड, क्लिंडामायसिन किडनीसाठी कमी करावी लागत नाहीत.

याची दुसरी बाजू फार दुर्लक्षित राहते. ताप, भाजणं, डोक्याला मार अशा मुलांत जीएफआर १३० च्या वर जातो आणि नेहमीचा डोस काही तासांतच धुऊन निघतो. क्रिएटिनिन ०.२ पाहून आपण निर्धास्त होतो, ताप मात्र उतरत नाही. तिथे मेरोपेनेम तीन तासांत सावकाश द्यावं. छोट्या मुलात डोस १० मि.लि.चा आणि त्यातले काही मि.लि. नळीतच अडकलेले, असं होतं. संपल्यावर नळी त्याच वेगाने फ्लश करा.

सीआरआरटी (दिवसरात्र सावकाश चालणारं डायलिसिस) चालू असेल तर ‘किडनी बंद’ समजून डोस कापू नका. एफ्लुएंट (मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं द्रव) १.७३ चौ.मी.मागे तासाला २००० मि.लि. असेल, तर मेरोपेनेमसारख्या प्रथिनांना न चिकटणाऱ्या औषधासाठी तो सुमारे ३३ चा जीएफआर झाला, वर मुलाची स्वतःची लघवी वेगळी. सर्किट गोठून सहा तास बंद पडलं तर हे ३३ शून्य होतात, म्हणून बंद-चालूच्या वेळा औषधांच्या चार्टवरच लिहा. आणि पातळीचं रक्त ज्या लाईनमधून औषध गेलं तिच्यातून काढू नका. पातळी खोटी वाढलेली येते आणि तिच्यावरून चांगला चाललेला डोस कमी केला जातो.