क्लास, वॉकर आणि बोरन्हाण: लहान मुलांच्या आयांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न बहुतेक पुण्यातून आले आहेत आणि सगळे पाच वर्षांखालच्या मुलांबद्दल आहेत. पत्रं लांब होती, ती आटोपशीर करून घेतली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. सोसायटीतल्या बहुतेक आया ‘मदर-टॉडलर’ क्लासला जायला लागल्या आहेत. आठवड्यातून दोनदा पाऊण तास, तीन महिन्यांची फी आगाऊ. ‘पहिल्या हजार दिवसांत मेंदू घडतो, ही वेळ पुन्हा येत नाही’ असं तिथल्या मॅडम सांगतात. सासूबाई म्हणतात, आम्ही कुठे क्लास लावले होते? मी काय करू? (एक आई, सिंहगड रस्ता)

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. चौदा महिन्यांच्या मुलीला क्लासची गरज नसते. पण त्यांच्या काळी दुपारी वाड्यात नाहीतर चाळीच्या गॅलरीत चार बायका असायच्या, पोरं त्यांच्या पायांत घुटमळायची आणि कोणाचं तरी मूल कोणीतरी उचललेलं असायचं. तुम्ही जर सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत बंद फ्लॅटमध्ये एकट्याच असाल, तर गरज तुम्हाला आहे, आणि ती खरी गरज आहे. क्लास लावायचा तर स्वतःसाठी लावा. मग तो कसा आहे हे बघायची नजरही बदलते.

आता ते हजार दिवस. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा हा काळ महत्त्वाचा आहे, यात वाद नाही. पण ही कल्पना मुळात आली पोषणाच्या कामातून. गरोदरपणातला आहार, पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, त्यानंतर वेळेवर सुरू केलेलं वरचं अन्न, लोह, लसीकरण असा तिचा आशय आहे. रंगीत बोगद्यातून रांगण्याशी तिचा संबंध नंतर लोकांनी जोडला. मेंदूच्या दृष्टीने या वयात सर्वांत मोलाचं काय असेल तर मुलीने ‘बाबा’ म्हणत पंख्याकडे बोट दाखवावं आणि तुम्ही ‘हो गं, पंखा फिरतोय, गार वाटतंय ना?’ म्हणावं. असा संवाद दिवसातून शेकडो वेळा होतो आणि त्याची पावती कोणी फाडत नाही.

तरी जायचं असेल तर पैसे भरण्याआधी एकदा नुसतं बसून या. बसू देत नसतील तर विषय तिथेच संपला. बसू दिलं, तर मॅडमकडे बघू नका, मुलांकडे बघा. मी एका ठिकाणी गेले होते. नऊ मुलं, नऊ आया, मध्यभागी एक ताई डफली घेऊन. एक छोटा मुलगा गोल सोडून दाराजवळच्या चपलांच्या रॅककडे गेला आणि एकेक चप्पल काढून पुन्हा लावायला लागला. ताईंनी त्याला हाक मारली नाही. डफली वाजवत त्या त्याच्या बाजूला जाऊन बसल्या आणि ‘ही कोणाची चप्पल?’ असं गाणंच सुरू केलं. अशा बाई असतील तर फी द्या. याउलट मुलांना मांडीत घट्ट धरून टाळ्या वाजवून घेत असतील, शेवटी पालकांच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढत असतील, तर तो कार्यक्रम आहे, खेळ नव्हे. या वयाची मुलं एकत्र खेळतही नाहीत, शेजारी शेजारी आपापलं खेळतात. म्हणून ‘सोशल स्किल्स’च्या जाहिरातीकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

फी महिन्याची मागा. या वयाचं मूल सर्दी-खोकल्याने महिन्यातून दोन-तीन वेळा तरी क्लास बुडवतं, तीन महिन्यांची आगाऊ फी म्हणजे त्यांचा फायदा.

फुकटातला पर्यायही सांगते. सोसायटीतल्या तीन-चार जणी मिळून मंगळवारी अकरा वाजता क्लब हाऊसमध्ये किंवा कोणाच्या तरी हॉलमध्ये जमा. एक सतरंजी, एक परात, त्यात दोन बोटं पाणी, चमचे, वाट्या, गाळणी. शेजारी रिकामे स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणं, जुन्या ओढण्या. पाण्याजवळ एक मोठं माणूस हलायचं नाही, कारण दोन बोटं पाण्यातही तान्हं मूल बुडू शकतं. एवढंच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांची बालवाडी उभी केली, ती पानं, बिया, शंख-शिंपले, खडे यांच्या जोरावर. त्यामागचं बालशिक्षणाचं शास्त्र कुठल्याही ब्रँडेड किटपेक्षा पक्कं होतं.

आणखी एक. तुमच्या पत्रात ‘दिवसभर रडू येतं’ असं एक वाक्य ओझरतं आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदास वाटत असेल, झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल तर क्लासचा विचार बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. बाळंतपणानंतरचं नैराश्य वर्षभरानेही असू शकतं आणि ते बरं होतं. सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न: मुलाच्या आत्याने वॉकर पाठवलाय, नवरा म्हणतो वापरू. मुलगा नऊ महिन्यांचा आहे. तसंच खेळणी घेताना नेमकं काय बघायचं? (एक आई, चिंचवड)

वॉकर परत करा. आत्यांना वाईट वाटेल, त्यांना माझं नाव सांगा. वॉकरमध्ये बसलेलं मूल पायाच्या चवड्यांनी ढकलत पुढे जातं, त्याला तोल सांभाळावा लागत नाही, स्वतःचे पाय दिसत नाहीत. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट लांबण्याचीच शक्यता. आणि एका सेकंदात ते जिन्यापाशी, गरम चहाच्या कपापाशी, गॅसच्या नळीपाशी पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली.

त्याच पैशात पांगुळगाडा घ्या. तुळशीबागेत मिळतो. मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं, त्यामुळे तोलही त्याचाच आणि जोरही त्याचाच. मात्र ते आधाराने उभं राहायला लागल्यावरच द्यायचा. फरशीवर गाडा निसटून पुढे पळत असेल तर पुढच्या दांडीला दोन किलो तांदळाची पिशवी बांधा.

खेळण्यांचं सांगायचं तर १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. सिग्नलवर आणि जत्रेत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवर तो दिसत नाही, ती मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. म्हणजे कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यावर मार्क नसला तरी ते बेकायदा नव्हे. तिथे रंग नखाने खरवडून बघा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडक्यावर रंग आला की नको.

तीन वर्षांखाली कुठलाही सुटा भाग साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावणारा नसावा. अंदाजासाठी, दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. आणि गाणी म्हणणारी, दिवे लागणारी खेळणी घरात असतील तर आजच त्यांचा बॅटरीचा कप्पा बघा. त्याला स्क्रू हवा. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी शी वाटे पडेल म्हणून वाट बघत बसायचं नाही, उलटी करवायची नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं.

प्रश्न: अडीच वर्षांच्या नातीला घेऊन रविवारी कुठे जावं? मॉलमध्ये जायला माझं मन घेत नाही. (एक आजोबा, सदाशिव पेठ)

आजोबा, तुम्ही मोक्याच्या जागी राहता. पेशवे पार्क तुमच्यापासून चालत अंतरावर आहे. तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६पासूनची, तुम्हीही कदाचित लहानपणी बसला असाल. मधूनच दुरुस्तीसाठी बंद असते, तेव्हा नातीला ‘आज फुलराणीत बसायचं’ असं घरून कबूल करून निघू नका. तिथून सारसबाग आहेच, पण रविवारी संध्याकाळी गर्दी असते, सकाळी जा.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद. रविवारी उघडं असतं, पण अडीच वर्षांचं मूल एवढं चालत नाही. साप आणि हत्ती एवढंच ठरवून जा, बाकीचं पुढच्या वेळी. केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते बघण्यात तुम्हाला रस वाटेल, तिला नाही. ते चार-पाच वर्षांची झाल्यावर. कर्वे रस्त्याजवळचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय मात्र आत्ताच चालेल, आगगाड्यांवर लहान मुलं जीव टाकतात.

माझी आवडती जागा विचाराल तर एम्प्रेस गार्डन. जुने वृक्ष, खाली पडलेल्या शेंगा, पारंब्या. हातात एक कापडी पिशवी द्या आणि तिला जे उचलावंसं वाटेल ते उचलू द्या, दोन तास सहज जातात. शेंगा फक्त तोंडात जात नाहीत ना, तेवढं बघा. प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा गर्दी असते.

आणि पर्वती. १०३ पायऱ्या आहेत. ती वीस चढेल, मग ‘कडे घे’ म्हणेल. तुमच्या गुडघ्यांची तयारी असेल तर जा, नसेल तर वीसाव्या पायरीवर बसून खालचं पुणं दाखवा. तिला वर पोचायची घाई नसते, ती आपल्याला असते. पाणी, एक जादा चड्डी आणि घरचा खाऊ बरोबर असू द्या.

प्रश्न: मुलगा तीन वर्षांचा होईल. इंग्रजी फोनिक्सचा (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणारा) क्लास आत्ताच लावला नाही तर मागे पडेल का? घरी आम्ही मराठीच बोलतो. (एक आई, बाणेर)

नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचं वय सहा वर्षं आहे, तुमच्याकडे तीन वर्षं आहेत. ज्या मुलाकडे मराठीत गोष्ट सांगायला शब्द आहेत, त्याला इंग्रजीत वाचायला शिकणं सोपं जातं. घरी मराठीच बोला आणि भरपूर बोला. रोज झोपताना एक पुस्तक. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रांची पुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. त्या मोबाइलवर मुलाच्या हातात देण्यापेक्षा छापून घ्या. एकच पुस्तक चाळीस वेळा मागेल, तेच हवं असतं.

प्रश्न: जानेवारीत मुलीचं पहिलं बोरन्हाण आहे. ती दहा महिन्यांची असेल. इव्हेंटवाल्यांनी जेम्सच्या गोळ्या, मार्शमेलो असं पॅकेज दिलंय. चालेल ना? (एक आई, कोथरूड)

बोरन्हाण जरूर करा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे मुलीला सर्दी असेल तर आठवडाभर पुढे ढकला. काळं झबलं, हलव्याचे दागिने, शेजारपाजारची पोरं, आज्यांचं औक्षण. यात इव्हेंटवाल्यांचं काम काय, हे मला अजून कळलेलं नाही.

पण मला खरी काळजी डोक्यावरून ओतल्या जाणाऱ्या गोष्टींची आहे. बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे, रेवड्या, हरभरे, आणि आता त्या गोळ्या आणि मार्शमेलो. दहा महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू त्याच्या श्वासनलिकेत अडकू शकते. शेंगदाणा तर सर्वांत वाईट. तो डॉक्टरांच्या ओपीडीत ‘खोकला जात नाही’ म्हणून दोन आठवड्यांनी येतो आणि दुर्बीण घालून काढावा लागतो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे मुलांना देऊच नयेत, बोरन्हाण असो वा नसो.

मग असं करा. मुलीला पाटावर एकटी न बसवता तुमच्या मांडीवर घ्या, म्हणजे तिचे दोन्ही हात तुमच्या ताब्यात राहतात. ओतायला फुलांच्या पाकळ्या जास्त, आणि शकुनापुरती चार-पाच मोठी बोरं. तीही माप डोक्याला टेकवून हळूच सोडायची, वरून फेकायची नाहीत. लुटायची पोरं सहा वर्षांपुढची असावीत. त्याहून लहानांना आधीच खाऊची पुडी हातात द्या, म्हणजे धडपड होत नाही. हलव्याचे दागिने फोटो झाले की लगेच उतरवा. त्यांचा दोरा तुटला की हलवा थेट तोंडात. संपलं की सतरंजी चारही कोपरे धरून उचला आणि सोफ्याखाली झाडू मारा. दुसऱ्या दिवशी रांगताना सापडलेला दाणाच घात करतो.

घशात काही अडकलंच आणि मूल रडत-खोकत असेल तर त्याला खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. आलटून पालटून हेच करत राहा, दुसऱ्याला रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायला सांगा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. कार्यक्रमाच्या आधी घरातल्या दोघा-तिघांना हे बाहुलीवर करून दाखवा.

प्रश्न: दोन वर्षांच्या मुलाला स्कूटरवर पुढे उभं करून पाळणाघरात सोडते. काही पर्याय? (एक आई, हडपसर)

पुढे उभं करू नका. ब्रेक लागला की हँडल सरळ त्याच्या हनुवटीत. फेब्रुवारी २०२३पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला सेफ्टी हार्नेस सक्तीचा आहे, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला मापाचं हेल्मेट सक्तीचं आहे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हार्नेस जाकिटासारखा असतो, पट्टे तुमच्या खांद्यांवरून येतात, मूल मागे बसतं. मोठ्यांचं हेल्मेट त्याला घालू नका, ते डोळ्यांवर येतं. घालून डोकं जोरात हलवायला सांगा, हेल्मेट जागचं हललं नाही तर माप बरोबर. आणि पाठीवरची सॅक पुढे पायाशी ठेवा, नाहीतर ती दोघांच्या मधे येते आणि हार्नेस ढिला बसतो.