पहिलं बाळ येतंय. स्तनपानाबद्दल नवरा-बायकोने आधीच ठरवावं की बाळ झाल्यावर बघावं?

आधीच बोला. बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस नवीन काही शिकायचे नसतात, तेव्हा डोळे उघडे ठेवणंच मुश्किल असतं.

बहुतेक जोडपी ‘जमलं तर पाजू’ म्हणतात. ऐकायला समंजस वाटतं, पण पहिल्या अडचणीला तिथेच माघार होते. ती अडचण बहुधा एकच असते: ‘दूध पुरत नाहीये.’ सुरुवातीला येतो तो घट्ट, पिवळसर चीक, तोही चमचाभर. नवजात बाळाला साधारणपणे तेवढा पुरतो. भरपूर दूध यायला दोन ते चार दिवस लागतात, आणि बाळ जितकं ओढेल तितकं ते वाढतं. दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं नेहमीचंच आहे. पाचव्या दिवसानंतर रोज सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर पोट भरतंय.

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायला सांगते, पाणीसुद्धा नाही.

बाबांनी ‘हा तिचा विषय’ म्हणून बाजूला होऊ नये. रात्री बाळाला उचलून आणणं, ढेकर काढणं, आणि ‘डब्याचं दूध सुरू करा की’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना थोपवणं (हे सगळ्यात अवघड!) त्यांनी करावं.

पाजताना दुखत राहिलं तर सोसत बसू नका. बऱ्याचदा बाळाची स्तनावरची पकड चुकलेली असते, स्तनपान सल्लागाराला दाखवा. वरचं दूध द्यावं लागलंच, तर तो गुन्हा नाही.