जागा रिकाम्या आहेत, मग माझी मुलगी बाहेर का?

परभणी जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. ते लिहितात: "मुलीने 2024 च्या पोलीस भरतीत आपल्याच जिल्ह्यात फॉर्म भरला होता. मैदानी 50 पैकी 35, लेखी 100 पैकी 81. ओबीसी महिलांच्या यादीतून तीन गुणांनी राहिली. आमच्या ठाण्याला सत्तरेक गावं आणि पोलीस बोटांवर मोजण्याएवढे. पेपरात रोज येतं, हजारो पदं रिक्त. मग भरत का नाहीत? आता बी.ए. दुसरं वर्ष सोडवून शहरातल्या ॲकॅडमीत घालू का? साठ हजार फी सांगतात. तिचा मामा म्हणतो, पुढचा फॉर्म मुंबईला भर."

दादा, पेपरातलं 'रिक्त पद' आणि जाहिरातीतली 'जागा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 58 व्या वर्षी कुणी निवृत्त झालं, कुणाला बढती मिळाली, की पद रिकामं झालं. पण ते तसंच भरतीला येत नाही. जिल्हा आकडा कळवतो, बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणात येतं याची यादी) तपासली जाते, वित्त विभागाचा होकार लागतो, मग कुठे जाहिरात निघते. तोवर आणखी चार जण निवृत्त झालेले असतात. निवड झाली तरी नऊ महिने प्रशिक्षण, आणि तिथून आलेला नवा शिपाई बहुधा आधी मुख्यालयात गार्डला आणि बंदोबस्ताला जातो. तुमच्या ठाण्यात माणूस दिसेपर्यंत दोनेक वर्षं सहज जातात.

बरं, हजेरीपटावर असलेले सगळे तरी गावात कुठे फिरतात? समजा ठाण्याला तीस मंजूर आहेत आणि बावीस हजर. एक ठाणे अंमलदार, एक कोर्टात पैरवीला, एक समन्स-वॉरंट घेऊन गेलेला, एक संगणकावर गुन्हे नोंदवत बसलेला, दोघं रात्रपाळी करून घरी, कुणी रजेवर. त्यात जत्रा किंवा मंत्र्यांचा दौरा आला की उरलेलेही बंदोबस्ताला. मग एका बीट अंमलदाराकडे, म्हणजे ठराविक गावांची जबाबदारी असलेल्या पोलिसाकडे, वीस-पंचवीस गावं येतात, त्याला तो काय करणार! देशभराचा हिशेब धरला तरी लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस 195 च्या आसपास आणि प्रत्यक्षात 150 च्या घरात. मुलीला हे मुद्दाम वाचून दाखवा. तिला ज्या नोकरीत जायचंय, तिथे कमी पडणाऱ्या माणसांचं काम तिच्याही वाट्याला येणार आहे.

आता तीन गुणांचं. 2024 ला साधारण साडेसतरा हजार जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते, म्हणजे एका जागेमागे शंभर. त्या गर्दीत लेखी 81 म्हणजे मुलीचा अभ्यास पक्का आहे. तिचे गुण मैदानात गेलेत. 800 मीटरला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण असतात. कशात किती मिळाले ते तुम्ही लिहिलं नाही, पण गावाकडच्या मुलींचा माझा अनुभव असा, की धावण्यात त्या निघून जातात आणि गोळ्यात मार खातात. कारण सरावाला गोळाच नसतो. दगड फेकून सराव केलेल्या मुली मी पाहिल्यात. चार किलोचा गोळा विकत घ्या आणि तालुक्याच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारा. दोन-तीन महिने रोज अर्धा तास फेक शिकली तर तीन गुण नक्की निघतील. यासाठी साठ हजार घालवू नका. फ्लेक्सवरच्या निवड झालेल्यांच्या फोटोंमध्ये तीच पोरगी तीन ॲकॅडम्यांच्या फ्लेक्सवर असते, हे एकदा बघून या.

बी.ए. मात्र सोडवू नका. शिपाई व्हायला बारावी पुरते, पण एमपीएससीतून थेट पीएसआयची परीक्षा द्यायला पदवीच लागते. वर्दीत जाऊन पदवी पूर्ण करणं किती अवघड, ते वरचा बंदोबस्त वाचून कळलंच असेल.

मामांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. मुंबईत जागा जास्त निघतात, पण अर्जही तसेच येतात. एका पदासाठी एकाच घटकात (म्हणजे एकाच जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात) अर्ज चालतो, आणि शिपायाची सेवाज्येष्ठता त्या घटकातच राहते. नंतर आंतरजिल्हा बदली मागितली तर वाट बघावी लागते आणि ज्येष्ठताही खाली जाते. म्हणून जाहिरात आली की एकूण जागांचा आकडा बाजूला ठेवा; 'ओबीसी महिला' या रकान्यात कोणत्या जिल्ह्यात किती जागा आहेत ते पाहा. एखाद्या वर्षी आपल्या जिल्ह्यात त्या रकान्यात दोनच जागा असतील, तर शेजारचा हिंगोली किंवा नांदेड बघायला हरकत नाही. मुंबई निवडायची, तर तिथे दहा वर्षं राहायची तयारी आहे का, हे तिला विचारा. मामांना नव्हे.

आणखी एक काम याच आठवड्यात करा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत बघा. कागदपत्र पडताळणीत मुली गुणांपेक्षा या दाखल्याच्या तारखेवरून जास्त रडताना दिसतात. मुदत संपत आली असेल तर सेतू केंद्रात आत्ताच अर्ज टाका; जाहिरात आल्यावर तिथे रांग लागते.