भावाला किडनी द्यायचीय, पण मी फौजेत आहे

प्रश्न: मी पायदळात नाईक, वय 31, गाव सातारा जिल्ह्यात. थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. आई माझ्याकडे आस लावून बसलीय, बायको घाबरलीय. सुट्टीत गुपचूप ऑपरेशन करून ड्युटीवर हजर झालो तर चालेल का?

उत्तर: गुपचूप अजिबात नको. टाक्यांचा व्रण पुढच्या मेडिकलला दिसणारच. पण खरा धोका वेगळा आहे. रूट मार्चनंतर गुडघा धरला की एमआय रूममधून, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी मिळते. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती गोळी एकुलत्या किडनीवर घाला घालू शकते. आरएमओला, म्हणजे युनिटच्या डॉक्टरला, ठाऊकच नसेल, तर तो ती थांबवणार कशी?

म्हणून तपासण्यांच्या आधी आरएमओला भेटा, मग सीओ (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) साहेबांकडे लेखी परवानगी मागा. आज शेप-1 (फौजेतली पूर्ण तंदुरुस्त वैद्यकीय श्रेणी) असाल, तर दानानंतर 'पी'मध्ये, म्हणजे शारीरिक क्षमतेच्या भागात, श्रेणी उतरण्याची तयारी ठेवा. हवालदारकी जवळ आली असेल, तर बढतीवर आणि पोस्टिंगवर काय परिणाम होईल ते आधीच स्पष्ट विचारा. अवयवदानासाठी केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांना मिळणारी 42 दिवसांपर्यंतची विशेष रजा आपल्यालाही आहे असं धरून चालू नका. रजा कशात धरणार ते युनिटच्या ऑफिसातून लिहून घ्या.

1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात सख्खा भाऊ जवळचा नातेवाईक आहे, त्यामुळे ती वाट सोपी. फाईल अडते ती नावावरून: सर्व्हिस रेकॉर्डवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. ते आताच दुरुस्त करा. रक्तगट, क्रॉसमॅच (भावाचं रक्त तुमच्या पेशींना विरोध करतं का ते पाहणं), 24 तासांची लघवी, सीटी अँजिओ (किडनीच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) होईल. मधुमेह निघाला किंवा बीपी जास्त असलं तर डॉक्टर नकार देऊ शकतात, आणि तो तुमच्या भल्याचाच. रक्तगट जुळला नाही, तर दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदलीची कायदेशीर सोय आहे.

ऑपरेशन बहुधा दुर्बिणीतून होतं, तीन ते पाच दिवसांत घरी सोडतात. पुढचे सहा आठवडे पिठ्ठू (पाठीवरचं ओझं) सोडाच, पाण्याची भरलेली बादलीही उचलू नका, हर्निया होऊ शकतो.

बायकोला नेफ्रोलॉजिस्टसमोर (किडनीच्या डॉक्टरांसमोर) बसवा, तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या. डॉक्टरांना एकदा एकटे भेटा. मन मागे घेत असेल तर तिथे बोला. ऑपरेशन टेबलावर जाईपर्यंत 'नाही' म्हणायचा हक्क तुमचाच आहे, आईचा नाही. आणि तुमचं ठरेपर्यंत भावाला थांबवू नका: त्याच्या हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीच्या (विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) प्रतीक्षायादीत त्याचं नाव याच आठवड्यात लावा.