प्रभूने माफ केलं, मग ताईचा हिस्सा द्यायचा का?

प्रश्न: जय ख्रिस्त पाळकसाहेब. वडील गेल्यावर नगरकडची शेती मी एकट्याच्या नावावर करून घेतली. ताईला सांगितलं सोसायटीच्या कर्जाला तुझी सही लागते आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली, बिचारीने वाचलंपण नाही. मागच्या वर्षी संजीवन सभेत सगळं कबूल केलं, खूप रडलो, तिथले पाळक म्हणाले येशूच्या रक्ताने सगळं धुतलं गेलं, आता मागे वळून बघू नका. पण नाताळला ताई घरी आली की घास घशाखाली उतरत नाही. मला क्षमा मिळालीये की नाही? आणि ऑफिसमधला मित्र म्हणतो पाप तू केलंस, मार येशूने खाल्ला, हा कुठला न्याय? (नाव छापू नये)

उत्तर: मित्राचा प्रश्न आधी घेतो कारण तो फालतू नाहीये. येशू म्हणजे देव आणि आपण यांच्यातला कोणीतरी तिसराच, उगाच पकडून आणलेला, असं धरलं तर मित्राचं शंभर टक्के बरोबर, तो अन्यायच. पण पौल करिंथकरांना लिहितो की देवच ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे ज्याचा अपराध झाला त्यानेच नुकसान स्वतःच्या अंगावर घेतलं. क्षमा फुकट मिळते ती घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही. आता हे वधस्तंभावर नेमकं कसं घडलं यावर मात्र ख्रिस्ती मंडळीत एकमत कधीच नव्हतं. १०९८ च्या सुमारास अँसेल्म या धर्मपंडिताने देवाच्या मानाचं फेडायचं देणं असा हिशेब मांडला, १९३० मध्ये स्वीडनच्या आउलेन या धर्मपंडिताने सांगितलं की नाही बाबा, जुनी समजूत पाप आणि मरणावरच्या विजयाची होती. नायसीन मतांगिकारात, म्हणजे आपल्या जुन्या विश्वासाच्या कबुलीत, ‘आमच्या तारणासाठी’ एवढंच आहे, कसं ते नाही. त्यामुळे मित्राशी थिअरीवरून भांडत बसू नका.

आता ताई. तुम्ही मनापासून कबूल केलंत तर क्षमा मिळालीये, योहानाच्या पहिल्या पत्राचं १:९ तुमच्यासाठीसुद्धा आहे, त्यात शंका नको. पण ‘मागे वळून बघू नका’ हे मला पटलेलं नाही, स्पष्टच सांगतो. देवाने त्याच्याविरुद्धचा अपराध माफ केला, ताईची जमीन तुम्हाला बक्षीस दिली नाही! बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा ६ वा अध्याय काढून वाचा, अगदी तुमचीच केस आहे, शेजाऱ्याला फसवून काही लाटलं तर मूळ वस्तू परत आणि वर पाचवा हिस्सा, आणि ते ज्याचं त्याला द्यायचं, दोषार्पणाचा (पापाबद्दल अर्पण करायचा) मेंढा याजकाकडे न्यायचा त्याच दिवशी. मेंढा नेला म्हणून परतफेड माफ झाली असं तिथे कुठेच नाही. जक्कय या जकातदाराचं बघा, येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा ‘पैसे परत कर’ असं एका शब्दाने म्हटल्याचं लूक लिहीत नाही, हाच उठून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि कोणाला लुबाडलं असेल तर चौपट परत. माफी मिळावी म्हणून तो देत नव्हता, मिळाली म्हणून हात सैल झाला. वसईकडच्या आमच्या कॅथलिक वाचकांना हे नवीन नाही, पापनिवेदनानंतरही चोरलेलं परत करायला लागतंच, त्यांच्या धर्मशिक्षणात तसं स्पष्ट लिहिलंय.

आणि कायदापण ताईच्या बाजूने आहे. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी, तिने हक्क सोडला तो तुम्ही खोटं बोललात म्हणून. परत कसं करायचं, बक्षीसपत्र की पैसे, ते वकिलाला विचारा, तुकडेबंदीची (शेतीचे फार लहान तुकडे पाडायला कायद्याची आडकाठी) भानगड असू शकते.

पण वकिलाच्या आधी ताई. नाताळच्या गर्दीत नको, वेगळे जा, दाजींना नंतर सांगता येईल. आणि प्लीज, ‘देवाने मला माफ केलंय’ ही सुरुवात करू नका, ते ऐकून कोणाचंही डोकं फिरेल, तिने माफ करायचं की नाही आणि कधी ते तिचं तिला ठरवू द्या, चिडली तर ऐकून घ्या. सही कशी घेतली ते आधी सांगा, मग देणार काय ते. जाताना सातबारा आणि हक्कसोडपत्राची नक्कल बरोबर न्या, या वेळी तिला वाचू द्या.