पुणे ते गोवा बाईकने जायचंय, तासाभरातच बूड दुखतं. काय करू?

मऊ सीट बसवू नका, हे आधी सांगतो. मऊ फोम थोड्याच वेळात दबतो आणि सगळं वजन बसायच्या दोन हाडांवर येतं. जरा कडक, रुंद फोम बरा. हवेची उशी घेणार असाल तर अर्धवटच फुगवा. टम्म फुगवली की वळणावर बूड डगमगतं, आणि आंबोली घाटात ते अजिबात नको. जीन्सची जाड शिवण मांडीखाली रुतते, म्हणून आत सपाट शिवणीची सायकलिंगची चड्डी घाला. अंतर सुमारे 450 किमी आहे, तेव्हा दुखायची वाट न बघता तासा-दीड तासाने उतरून चाला. खड्डा दिसला की फूटरेस्टवर भार देऊन किंचित उठा. पाकीट मागच्या खिशात ठेवू नका, कंबर तिरकी होते.