लॉकडाऊनमधले डाएट अजून सुटत नाही, वाट पाहावी का?

ताई, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. सातवीत असताना लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर पाहून मुलीने व्यायाम आणि डाएट सुरू केले, आज ती बारावीत आहे, चार महिने पाळी आलेली नाही, रक्ताचे रिपोर्ट मात्र नॉर्मल आहेत आणि घरातले म्हणतात की त्या काळाची सवय आहे, जाईल हळूहळू. वाट पाहावी का, असे आपण विचारले आहे. पाहू नका. हा ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडत नेण्याचा मनाचा आजार, असू शकतो. आम्ही जवळजवळ वर्षभर वाट पाहिली.

आम्हीही सोलापूरचेच. माझी मुलगी २०२० साली १४ वर्षांची होती. मार्चमध्ये शाळा, क्लास, मैदान, मैत्रिणी सगळे एका आठवड्यात बंद झाले आणि तिच्या दिवसाला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरली : काय खाल्ले आणि किती पावले चालले, याची वही. आधी गोड सुटले, मग भात, मग शेंगाचटणीवरचे तेल. सगळे घरात बसून जाड होत चालले असताना ही एकटी शिस्तीने राहते, म्हणून आम्ही चारचौघांत तिचे कौतुक केले. ते कौतुक मला आजही सलते. पुढच्या मे महिन्यात, पारा ४२ अंशांच्या वर असताना, ती पंखा बंद करून चादर अंगावर ओढून झोपू लागली. हातांवर बारीक लव आली होती. अंगात ऊब राखण्यापुरतीही चरबी उरली नव्हती, हे आम्हाला नंतर कळले. त्याच आठवड्यात गादीखाली रुमालात बांधलेले कडक भाकरीचे तुकडे सापडले. पंधरवड्याचे तरी असतील. त्याआधी ज्या डॉक्टरांना दाखवले होते, त्यांनी या वयात मुलींचे असे होतेच म्हणून टॉनिक लिहून दिले होते.

हे आपल्याच घरात घडले असे समजू नका. कॅनडातल्या सहा बालरुग्णालयांत ॲनोरेक्सियाचे नवे रुग्ण महासाथीआधी महिन्याला सरासरी २४.५ होते, ते पहिल्या लाटेत ४०.६ झाले, आणि दाखल करावे लागलेल्या मुलांची संख्या महिन्याला ७.५ वरून २० वर गेली. अमेरिकेतही १२ ते १७ वयाच्या मुलींना खाण्याच्या विकारांसाठी तातडीच्या विभागात आणण्याचे प्रमाण दुप्पट झाले. दिनक्रम मोडला, एकटेपणा आला, ऑनलाइन वर्गात दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर राहिला आणि आधीपासून कल असलेल्या मुलांना ते पुरले.

पण लॉकडाऊन संपल्यावर हे आपोआप का संपत नाही, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला गेला. ती माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, एकेक जेवण लांबवत नेऊ लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली, त्यांना सतत थंडी वाजू लागली. यांपैकी कोणालाही आधी हा आजार नव्हता. म्हणजे उपासमारच मनाला असे करते, आणि असे झालेले मन पुन्हा उपासच मागते. म्हणून मुलीला पटल्यावर ती खाईल, ही आशा सोडावी लागते. खाणे आधी पूर्ववत करावे लागते, पटणे बरेच मागाहून येते.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात विकसित झालेली कुटुंबाधारित उपचारपद्धती याच क्रमाने चालते : ताट आईवडील वाढतात, मुलीशी वाद न घालता ते संपेपर्यंत शेजारी बसतात. आमच्याकडे तीन जेवणे आणि मधली तीन खाणी ठरली होती. पहिल्या महिन्यात अर्ध्या भाकरीला पाऊण तास लागे, ती रडे आणि माझी पत्नी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसे. वजनाचा विषय घरात कोणीही काढायचा नाही, अगदी आजीनेही नाही. पाळी परत यायला १४ महिने लागले. मात्र बरेच दिवस अगदीच कमी खाल्लेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातले फॉस्फेट धोकादायक पातळीवर उतरू शकते, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

रिपोर्ट नॉर्मल आहेत, वजनही फारसे कमी दिसत नाही, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. पुष्कळ वजन झपाट्याने उतरलेली मुलगी दिसायला ठीक असली तरी तिचे हृदय थकलेले असू शकते. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, तेथे जाताना पाळीच्या तारखा आणि आठवडाभराच्या खाण्याची नोंद लिहून न्या. रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. उद्या सकाळी ती जागी, पण आडवी असताना तिची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. आकडा ५० च्या खाली असेल किंवा उठून उभी राहताना तिला भोवळ येत असेल, तर ओपीडीची वेळ न पाहता तिला त्याच दिवशी तातडीच्या विभागात न्या.